लसीचे कार्ड आणि वीस तलंगा

२०२४ च्या ऑगस्टमध्ये ठाण्यातील ओवळे येथील आमच्या घराच्या परसात प्रथमच कोंबड्या पाळायचे मी ठरवले आणि पहिल्याच व्यवहारात फसले. पैशांचे नुकसान फार मोठे नव्हते. तरीही हा अनुभव सविस्तर लिहीत आहे, कारण ज्या पद्धतीने मला फसवले गेले तीच पद्धत घोडबंदर रस्त्यापासून ऐरोली-कोपरखैरण्यापर्यंत घरगुती कोंबडीपालन सुरू करणाऱ्या अनेकांवर वापरली जाऊ शकते, आणि माझ्या चुकीची किंमत माझ्याबरोबर शेजारच्या काकींनाही मोजावी लागली.

एक दिवसाची पिल्ले आणायची, तर पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब द्यावी लागते आणि पुढे ती आठवड्यागणिक कमी करत न्यावी लागते. पावसाळ्यात वारंवार वीज जात असताना हे जमणार नाही, म्हणून मी तयार तलंगा घेण्याचे ठरवले. तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण मादी. साधारण आठ ते दहा आठवड्यांची तलंग घेतली, तर नाजूक काळ उलटून गेलेला असतो आणि नर-मादीचा प्रश्न उरत नाही, असे मी वाचले होते. ते खरेही आहे. मात्र समोरचा पक्षी खरोखर तलंग असेल तरच.

व्हॉट्सअ‍ॅपवरील एका गटात जाहिरात आली. ‘७० दिवसांच्या गावरान तलंगा ३०० रुपये, अस्सल कडकनाथ ५५० रुपये, लसीकरण पूर्ण, घरपोच’ असा मजकूर आणि सोबत कोंबड्यांची अतिशय देखणी छायाचित्रे होती. मी फोन केला. बोलणारा माणूस नम्र होता, घाई करणारा वाटला नाही. त्याने खुराड्याचे माप विचारले आणि जाळी बारीक लावा, आपल्याकडे मुंगसाचा त्रास असतो, असे आपणहून सांगितले. भाव एवढा कमी कसा, असे विचारल्यावर तो म्हणाला, “ताई, श्रावण आहे, माल उठत नाही, म्हणून या भावात देतोय.” श्रावणात मागणी घटते हे आपण सर्वच जाणतो, त्यामुळे मला ते पटले. चौदा गावरान आणि सहा कडकनाथ तलंगांचे ७,५०० रुपये आणि गाडीभाड्याचे ५०० असे एकूण ८,००० ठरले, त्यांतले ४,००० मी त्याच दिवशी यूपीआयने पाठवले. पक्षी न पाहता पैसे पाठवले, ही माझी पहिली चूक.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी, शनिवारी, अंधार पडल्यावर टेम्पो आला. चालकाला पुढे भाईंदरला जायचे होते. त्याने प्लास्टिकच्या दोन क्रेटमधले पक्षी खुराड्यात सोडले, उरलेले पैसे घेतले आणि माझ्या हातात लसीकरणाचे कार्ड दिले. विजेरीच्या उजेडात पक्षी चांगले वाटले. त्यांचे तुरे लालसर होते आणि मी ते निरोगीपणाचे लक्षण समजले. प्रत्यक्षात एवढ्या कोवळ्या वयात तुरा आणि गलोल, म्हणजे चोचीखाली लोंबणारी कातडी, लाल होऊन वाढू लागली असतील, तर पक्षी बहुधा नर असतो. तलंगेचा तुरा तेव्हा लहान आणि फिकटच असतो. हे मला नंतर कळले.

पाचव्या दिवशी दोन पक्षी कोपऱ्यात पिसे फुगवून बसले. हिरवट हगवण सुरू झाली, श्वास घेताना घरघर ऐकू येऊ लागली. दुसऱ्या दिवशी त्यांतला एक मेला आणि एका कडकनाथची मान वाकडी होऊन तो जागच्या जागी गोल फिरू लागला. मेलेला पक्षी पिशवीत घालून मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी तो उघडून जठराच्या आतल्या बाजूला उमटलेले रक्ताचे बारीक ठिपके मला दाखवले आणि ही लक्षणे राणीखेतची, म्हणजे ज्याला आपण मानमोडी म्हणतो त्या रोगाची असल्याचे सांगितले. या विषाणूजन्य रोगावर औषध नाही. वेळेवर दिलेली लस हाच उपाय. लस तर दिली आहे, असे म्हणत मी कार्ड पुढे केले. डॉक्टरांनी ते वाचले, पक्षी किती दिवसांचे म्हणून दिले होते एवढेच विचारले आणि मला तारखा मोजायला सांगितल्या. २४ ऑगस्टला ७० दिवसांचा असलेला पक्षी १५ जूनला अंड्यातून बाहेर पडला असला पाहिजे. कार्डावर राणीखेतच्या लासोटा लसीची तारीख ९ जून होती. अंड्यातून बाहेर येण्याच्या सहा दिवस आधी त्या पिल्लांच्या डोळ्यांत लसीचा थेंब पडला होता! लासोटा, गंबोरो (दुसऱ्या एका रोगाची लस) आणि पुन्हा लासोटा या तिन्ही नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत केल्यासारख्या दिसत होत्या आणि लसीच्या बाटलीचा बॅच क्रमांक कोठेही नव्हता. ते कार्ड पाच दिवस माझ्या कपाटात होते आणि मी एकदाही नीट वाचले नव्हते.

डॉक्टरांनी त्याच पक्ष्याची चोच उघडून आत पाहायला सांगितले, कारण तो मी कडकनाथ म्हणून घेतलेला होता. जीभ गुलाबी होती. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याची कातडी, तुरा, पाय आणि जीभही काळसर असते. केवळ काळी पिसे असलेला कोणताही संकर कडकनाथ म्हणून नवख्याच्या गळ्यात मारता येतो. पक्ष्यांचे वयही डॉक्टरांच्या मते जेमतेम दीड महिन्याचे होते. एखाद्या शेडमध्ये मरतूक सुरू झाली, की उरलेला माल मिळेल त्या भावाने तातडीने काढण्याचा प्रकार होतो आणि हे पक्षी तसेच आले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. स्वस्त भावाचे कारण श्रावण नसावे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

हरतालिकेपर्यंत वीसपैकी अकरा पक्षी मेले. प्रत्येक वेळी खोल खड्डा काढून, वर चुना टाकून पुरले. दारात गणपतीची तयारी सुरू होती आणि मागच्या बाजूला आम्ही खड्डे खणत होतो.

याहून मोठे दुःख शेजारचे आहे. नवे पक्षी किमान दोन ते तीन आठवडे वेगळे ठेवायचे असतात. मी मात्र तिसऱ्याच दिवशी ते परसात मोकळे सोडले. मधले कुंपण नावापुरतेच आहे. शेजारच्या काकींकडे सहा गावठी कोंबड्या होत्या. त्यांच्या सासूच्या काळापासून त्याच वाणाच्या कोंबड्या त्या घरात पिढ्यानपिढ्या वाढत आल्या होत्या. त्यांतल्या पाच गेल्या. एक दहा अंड्यांवर खुडूक बसलेली होती. ती अंड्यांवरच मरून पडली. काकी मला एक शब्दही टाकून बोलल्या नाहीत. “माझी खुडूक पन गेली गो,” एवढेच म्हणाल्या आणि रिकामे डालगे धुऊन भिंतीशी उपडे घातले. त्यांना मी पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. ते वाण पैशाने परत मिळणारही नव्हते.

विक्रेत्याला फोन केल्यावर तो म्हणाला, “कोंबडी जिवंत वस्तू आहे, तिची गॅरंटी नसते.” कार्डावरील तारखेबद्दल विचारताच फोन बंद झाला आणि नंतर तो क्रमांक लागलाच नाही. वाचलेल्या नऊपैकी सात पक्षी सप्टेंबर संपता संपता आरवू लागले. मी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. यूपीआयची नोंद, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि ते कार्ड जपून ठेवल्यामुळे अर्जाला काहीतरी आधार मिळाला. डॉक्टरांकडून लेखी शवविच्छेदन अहवाल मात्र मी वेळेत मागितला नाही आणि त्याची उणीव आज भासते.

जे नव्याने सुरुवात करत आहेत त्यांना कळकळीने सांगते, की पक्षी दिवसाउजेडी आणि शक्यतो शेडवर जाऊन पाहा, शेडवर येऊ देण्यास टाळाटाळ होत असेल तर व्यवहार तेथेच थांबवा. प्रत्येक पक्षी हातात घेऊन तुरा, चोच आणि गुदद्वाराभोवतीची पिसे बघा. लस दिल्याचे सांगितले, तर बाटलीच्या लेबलाचे छायाचित्र मागा. लासोटाची बाटली शंभर किंवा अधिक मात्रांची असते आणि एकदा मिसळलेली लस दोनेक तासांत वापरावी लागते, त्यामुळे थोड्या पक्ष्यांसाठी ती वाया जाते हे खरे; पण परिसरातील चार घरे मिळून एकाच दिवशी लस करून घेता येते. मुंबईत आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुटपालन विकास संस्था आहे. पुढची पिल्ले कोणाच्याही स्टेटसवरून न घेता तेथे चौकशी करूनच घ्यायची, असे ठरवले आहे. खुराडे चुन्याने धुऊन रिकामेच ठेवले आहे.

पुढच्या जानेवारीत तीच जाहिरात पुन्हा फिरताना दिसली. फोन क्रमांक नवा होता आणि या वेळी ७५ दिवसांच्या तलंगा होत्या. छायाचित्रे मात्र जुनीच होती. त्यांतल्या एकात निळ्या पिंपाशेजारी तांबडी कोंबडी उभी आहे आणि मागे अर्धा रंगवलेला पत्रा दिसतो. हे छायाचित्र आपल्यापर्यंत आले, तर कृपया पैसे पाठवू नका.