राजांगण की बाल्कांव? फोंतेन्हासमध्ये खोली निवडताना

पुण्याची आत्या काकांना घेऊन गणपतीनंतर येणार आहे. समुद्रकिनारा नको, पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत, जुन्या घरात राहायचंय, असा तिचा हट्ट. तिने जुन्या घरांतल्या दोन हॉटेलांची नावं काढून ठेवली होती, पंजिम इन आणि पंजिम पोसादा. मालक एकच, ३१ जानेवारी मार्गही एकच, मग कुठेही राहिलं तर काय बिघडलं, असं ती म्हणाली. मला हे पटत नाही. ही दोन घरं स्वभावानेच वेगळी आहेत.

पंजिम इन एकोणिसाव्या शतकातलं. १८४३ मध्ये पणजी पोर्तुगीज गोव्याची राजधानी झाली आणि त्या काळात हा भाग भरत गेला. या घराचं तोंड रस्त्याकडे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांची ती रीतच आहे: बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, बसायचं, जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलायचं. वरच्या मोठ्या व्हरांड्यात चहा घेऊन बसा, खाली पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो आणि गल्ली जागी होते. खोल्यांत चार खांबांचे जुने पलंग आहेत. मात्र शनिवार-रविवारी फोटो काढणाऱ्यांची गर्दी उसळते आणि तिचा आवाज वर येतो. ज्यांना गल्लीच बघायची आहे त्यांनी खुशाल इथे राहावं.

पोसादा हिंदू कुटुंबाचं घर होतं. बाहेरून साधंच दिसतं. उंबरा ओलांडला की राजांगण, म्हणजे आतला मोकळा चौक! आपल्याकडच्या जुन्या घरांचा जीव आतल्या बाजूला असतो, तुळशीभोवती, पडवीभोवती. हे घर तसंच आहे. ऐन श्रावणात मी तिथे वरच्या कठड्याशी उभी होते. चारही बाजूंच्या कौलांवरून पागोळ्या खाली चौकात पडत होत्या आणि रस्ता जणू गावाबाहेर राहिला होता. मंगेशीजवळच्या आमच्या आजोळच्या घरात अगदी असाच पाऊस पडायचा. तो आवाज ऐकण्यासाठी मी पुन्हा पैसे मोजीन.

त्याच मालकांचं तिसरं घर, पंजिम पीपल्स, एके काळी शाळा होती. ज्यांना सामानासकट ऐसपैस जागा हवी, त्यांनी तेही विचारावं.

एक गोष्ट कुठल्याही जुन्या घराला लागू आहे. जांभ्या चिऱ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते. दुसऱ्याच एका जुन्या वाड्यातल्या हॉटेलात मला तळमजल्याची खोली मिळाली होती; दोन दिवसांत कपाटातल्या साडीला कुबट वास लागला. त्यामुळे जून ते सप्टेंबर वरचाच मजला मागा. पण मग जिना आला. गुडघे दुखत असतील तर पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, हे आधी फोनवर विचारा. गाडीचंही विचारा, या गल्ल्यांत ती उभी करायला जागा शोधताना जीव जातो.

काकांना देवदर्शन लागतंच. जवळच्या मळा भागातलं मारुती मंदिर आल्तिनो टेकडीच्या उतारावर, चालत जाण्याजोगं आहे. १८१८ चं सेंट सेबॅस्टियनचं कपेल, म्हणजे छोटं चर्चही हाकेच्या अंतरावर. तिथल्या क्रुसावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, ते जवळ जाऊन बघा.

आत्याला मी पोसादाची, राजांगणाकडे दार असलेली वरची खोली मागायला सांगितलं आहे. काकांचे गुडघे अजून धड आहेत.