पत्ता तपासायचा की अख्खं डोमेन?

नागपूरच्या इतवारीतल्या दुकानदाराने नवं बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं की पहिल्याच दिवशी ते विचारतं, मेल कोणत्या नावाने पाठवू? तिथे दोन वाटा फुटतात. एकीत फक्त ईमेल पत्त्याची खात्री होते: मेलबॉक्समध्ये लिंक येते, दाबली की झालं. दुसरीत पूर्ण डोमेनची, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाची, खात्री करायची. त्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत, दोन-चार रेकॉर्ड टाकायची आणि ती लागू होईपर्यंत थांबायचं. कधी दहा मिनिटं, कधी दोन दिवस.

पहिली वाट सोपी, म्हणून बहुतेक जण तीच धरतात. पण लिंक दाबून सिद्ध काय होतं? मेलबॉक्स तुमचा आहे एवढंच, आणि तेही सॉफ्टवेअर कंपनीपुरतं. बिल ज्याला जातं त्याच्या मेल सर्व्हरला याचा पत्ताच नसतो. तुमचा पत्ता याहूचा असेल तर त्याला दिसतं ते असं, की पाठवणाऱ्याचं नाव याहूचं, पण मेल आला भलत्याच सर्व्हरवरून. याहूने तर 2014 पासूनच आपल्या पत्त्यांसाठी असे मेल नाकारण्याचं धोरण जाहीर केलंय. काही सॉफ्टवेअर यावर तोडगा म्हणून स्वतःचाच पत्ता लावतात. मग मेल पोचतो, पण ‘हे कोण बुवा?’ म्हणून गिऱ्हाईक उघडत नाही.

डोमेनच्या वाटेत तीन गोष्टी येतात. एसपीएफ सांगतं कोणत्या सर्व्हरला तुमच्या वतीने पाठवायची परवानगी आहे, डीकिम प्रत्येक मेलवर सही करतं, आणि दोन्हींपैकी काहीच तुमच्या डोमेनशी जुळलं नाही तर काय करायचं ते डीमार्क सांगतं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलला रोज 5,000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. ‘आपण कुठे एवढे पाठवतो?’ खरंय, पण एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक तरी प्रत्येकालाच हवं.

घोळ होतो तो एसपीएफमध्ये. एका डोमेनला एसपीएफचं एकच रेकॉर्ड चालतं. नव्या सॉफ्टवेअरसाठी दुसरं टाकलंत तर दोन्ही निकामी. जुन्यातच भर घालायची. डीकिमसाठी टीएक्सटी (सहीची किल्ली स्वतः चिकटवायचं रेकॉर्ड) आणि सीनेम (कंपनीकडच्या किल्लीकडे बोट दाखवणारं रेकॉर्ड) असे दोन पर्याय दिले असतील तर मी सीनेम घेतो. लांबलचक किल्ली चिकटवताना तुटत नाही, आणि पुढे ती बदलायची झाली तर कंपनीच बदलते. आणखी एक, रेकॉर्डच्या नावात पूर्ण डोमेन लिहिलं की काही पॅनेल, म्हणजे रेकॉर्ड भरायची पानं, ते मागे पुन्हा जोडतात. मग खात्री होत नाही आणि माणूस तासन् तास डोकं फोडतो.

दिवाळीच्या ऑफर पाठवायच्या असतील तर त्यांना वेगळं सबडोमेन (तुमच्या डोमेनच्या आधी एक शब्द जोडून केलेलं नाव) द्या, म्हणजे कोणी स्पॅम म्हटलं तरी बिलांना झळ कमी.

खरी अडचण तांत्रिक नसतेच. डोमेनचा पासवर्ड वेबसाइट बनवणाऱ्या पोट्ट्याकडे असतो आणि ते पुण्याला गेलेलं असतं. पासवर्ड हातात नसेल तर आज लिंक दाबून भागवा, पण तो आधी मिळवा.

डीमार्क सुरुवातीला ‘नन’वरच, म्हणजे काहीच अडवू नका यावर, ठेवा आणि तुमच्या नावाने कुठून मेल जातात याचे येणारे अहवाल काही आठवडे वाचा. बुटीबोरीतल्या एका कारखान्यात आम्ही थेट ‘रिजेक्ट’, म्हणजे न जुळणारे मेल नाकारा, असं लावलं. पगाराच्या स्लिपा दुसऱ्याच सॉफ्टवेअरमधून जातात, हे महिनाअखेरीला कळलं.