गटाचं बुकिंग आणि बॅचची क्षमता: बुकिंग सॉफ्टवेअर आठ महिने वापरल्यानंतर

एकट्यादुकट्याची नोंदणी आज जवळपास कुठलंही ऑनलाइन बुकिंग सॉफ्टवेअर नीट करतं. योगाची बॅच असो, नृत्याचा क्लास असो की मातीकामाची कार्यशाळा, माणूस येतो, वेळ निवडतो, पैसे भरतो आणि एक जागा कमी होते. खरी परीक्षा होते ती एकाच माणसाने सहा जागा मागितल्यावर. आठ महिन्यांच्या वापरात जेवढे घोळ झाले, त्यांतले बहुतेक एकाच मुळाशी जाऊन पोचतात: सॉफ्टवेअर डोकी मोजतंय की बुकिंग मोजतंय?

ही प्रणाली मूळ कशासाठी बनली होती, यावर बरंच काही ठरतं. जी डॉक्टरची किंवा सलूनची वेळ ठरवण्यासाठी बनली, तिच्या पोटात ‘एक वेळ म्हणजे एक ग्राहक’ हे गृहीतक बसलेलं असतं. गटाची सोय त्यावर नंतर चिकटवलेली असते. त्यामुळे विकत घेण्याआधी, चाचणीच्या मुदतीतच हे करून बघा. पाच जागांची एक खोटी बॅच बनवा. एका नावावर तीन जणांचं बुकिंग करा. शिल्लक दोन दिसली तर ठीक, चार दिसली तर तिथेच थांबा. मग आणखी तिघांचं बुकिंग करायचा प्रयत्न करा, ते नाकारलं गेलं पाहिजे. आता पहिल्या गटातला एक जण कमी करा, शिल्लक लगेच तीन व्हायला हवी. या शेवटच्या पायरीवर बऱ्याच प्रणाली अडखळतात. माणूस कमी होतो, पण जागा मोकळी होत नाही, कारण मूळ बुकिंग तसंच उभं असतं.

आता क्षमतेचा आकडा. सेटिंगमध्ये ‘कमाल संख्या’ असा एकच रकाना असतो आणि तिथे लोक खोलीत किती माणसं मावतात ते भरतात. ही चूक महागात पडते. समजा खोलीत १६ जण मावतात, मातीकामाची चाकं १० आहेत आणि एक शिक्षक एका वेळी ८ जणांकडेच नीट लक्ष देऊ शकतो. मग क्षमता आहे ८. मदतनीस आला तर १० होईल, १६ कधीच नाही. मदतनीस असताना एक चाक दुरुस्तीला गेलं की ९. म्हणजे हा आकडा तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान असतो आणि त्या तिघांपैकी कुठलाही बदलला की तो हलू शकतो.

चांगल्या प्रणालीत साहित्याचा वेगळा साठा नोंदवता येतो. ‘चाकं, संख्या १०’ असं लिहून तो साठा दोन बॅचना जोडायचा. याचा उपयोग बॅच एकमेकींवर चढतात तेव्हा कळतो. सहा जणांची एक बॅच संपायला अर्धा तास असताना सहा जणांची दुसरी सुरू झाली, तर त्या अर्ध्या तासात १२ चाकं लागतात. साठ्याची सोय नसेल तर दोन्ही बॅच निवांतपणे ‘जागा उपलब्ध’ दाखवत राहतात. अशा वेळी चाकं कायमची पाच-पाच वाटून टाकावीत, किंवा बॅच चढूच देऊ नयेत.

दोन बॅचमधल्या आवरासावरीच्या वेळेचंही असंच. पंधरा मिनिटांची मोकळीक टाकता येते, पण ती शिक्षकाच्या वेळेला लागते की खोलीला, हे तपासा. वापरलेल्या प्रणालीत ती फक्त शिक्षकाला लागत होती. शिक्षक बदलला की पुढची बॅच त्याच खोलीत मागचीला चिकटून लागायची.

क्षमता तात्पुरती कमी करायची असेल तर मूळ आकड्याला हात लावू नका. दर आठवड्याच्या मालिकेत ‘हा आणि पुढचे सर्व’ असा बदल केला, की मधल्या सुट्ट्या आणि बदललेल्या वेळा पुसल्या जाण्याचा धोका असतो. त्याऐवजी ‘राखीव’ नावाचं अंतर्गत बुकिंग करून हव्या तेवढ्या जागा अडवाव्यात. मोकळ्या करायच्या तेव्हा ते रद्द केलं की झालं. मात्र अहवालात ही राखीव बुकिंग वगळायची सोय हवी, नाहीतर बॅच कागदावर भरलेली आणि प्रत्यक्षात रिकामी दिसते.

गटाची नोंद घ्यायच्या तीन तऱ्हा आहेत. नुसती संख्या घेणे, सगळ्यांची नावं बुकिंग करतानाच घेणे, किंवा आधी संख्या आणि पैसे घेऊन नावांसाठी नंतर लिंक पाठवणे. पहिलीत हजेरी घेताना पंचाईत होते, आठवणीचा संदेश फक्त गटप्रमुखाला जातो आणि बाकीच्यांना वेळ, पत्ता, सोबत काय आणायचं यातलं काही कळत नाही. दुसरीत गटप्रमुखाकडे सहा जणांचे नंबर हाताशी नसतात आणि तो अर्ज अर्धा सोडून जातो. तिसरी तऱ्हा सर्वांत बरी चालते. बुकिंगच्या पानावर फक्त गटप्रमुखाचं नाव, फोन आणि संख्या विचारायची. बाकीची माहिती, म्हणजे दुखापत, वय, संमतिपत्र, प्रत्येकाने आपापल्या लिंकवरून भरायची, बॅचच्या ४८ तास आधीपर्यंत. मुदत उलटली म्हणून पैसे भरलेली जागा आपोआप सोडून देणारं सेटिंग चुकूनही चालू ठेवू नका. नाव आलं नाही तर यादीत खूण दिसावी आणि माणसाने फोन करावा.

ऑनलाइन थेट किती जणांचं बुकिंग होऊ द्यायचं, यालाही मर्यादा हवी. १२ जागांच्या बॅचसाठी चालणारी विभागणी अशी: चारपर्यंत थेट, पाच ते आठ विनंती पाठवून, त्यापुढे स्वतंत्र बॅच. स्वतंत्र बॅच लावताना त्याच शिक्षकाची आणि त्याच खोलीची सार्वजनिक बॅच आपोआप बंद होते का, हे बघायलाच हवं.

संख्या आधी विचारा, तारीख नंतर. ही साधी अदलाबदल केली की निम्म्या तक्रारींचं कारणच उरत नाही. पाच जणांच्या गटाने तारीख निवडली, अर्ज भरला आणि शेवटी ‘फक्त चार जागा शिल्लक’ असा संदेश आला, तर ते परत येत नाहीत. संख्या आधी कळली तर पाच जागा असलेल्याच तारखा दाखवता येतात.

पैसे भरत असताना जागा किती वेळ धरून ठेवायची, हा सर्वांत नाजूक भाग आहे. मुदत फार कमी असेल तर गटप्रमुख इतरांना विचारत असताना ती संपते, जागा दुसऱ्याला जाते आणि मागून याचेही पैसे जमा होतात. मग १२ जागांवर १७ माणसं. फार जास्त असेल तर कोणी सहज म्हणून आठ जागा निवडून पान तसंच उघडं सोडतं आणि बॅच तेवढा वेळ भरलेली दिसते. एकट्यासाठी १० मिनिटं, गटासाठी २० मिनिटं हे प्रमाण ठीक बसतं. त्याहून वेळ हवा असेल त्यांना आगाऊ रक्कम घेऊन २४ तास जागा द्यावी, आणि ती रक्कम बुकिंगमागे नव्हे, डोक्यामागे घ्यावी. मुदत कितीही असो, पैसे जमा झाल्याच्या क्षणी प्रणालीने जागा पुन्हा तपासली पाहिजे आणि नसेल तर पैसे आपोआप परत केले पाहिजेत. याची चाचणी सोपी आहे: शेवटची एक जागा शिल्लक ठेवा, दोन फोनवरून एकाच वेळी ती निवडा आणि दोन्हीकडे पैसे भरायचं बटण दाबा.

गटाला सूट द्यावी का, या प्रश्नाला एक जुनं आणि उपयोगी उत्तर आहे. १९७२ मध्ये केन लिटलवुड यांनी विमानातल्या जागांसाठी मांडलेला नियम इथेही लागू पडतो. स्वस्तात जागा तेव्हाच द्यावी, जेव्हा ती पुढे पूर्ण दरात विकली जाण्याची शक्यता स्वस्त आणि पूर्ण दराच्या गुणोत्तराहून कमी असते. सूट २० टक्के असेल तर गुणोत्तर ०.८. म्हणजे ज्या बॅचच्या शेवटच्या जागाही दहापैकी नऊ वेळा भरतात, तिथे गटाला सूट देणं हे नुकसान. दहापैकी पाच वेळाच भरतात तिथे खुशाल द्या. त्यामुळे सूट सरसकट न ठेवता बॅचनुसार ठेवता येते का, ते बघा.

सूट दिली की पुढचा पेच आलाच. सहा जणांवर सूट मिळाली आणि नंतर दोघं गळाले, तर उरलेल्या चौघांना कोणता दर? सॉफ्टवेअर बहुधा मूळ सूट तशीच ठेवतं. ते मान्य असेल तर असू द्या, पण नियम बुकिंगच्या पानावर लिहिलेला हवा. वापरून टिकलेला नियम असा आहे: सात दिवस आधीपर्यंत संख्या कमी करता येईल आणि दर नव्याने मोजला जाईल, त्यानंतर संख्या कमी होणार नाही, पण ऐन बॅच सुरू होईपर्यंत माणूस बदलता येईल. माणूस बदलण्याची मुभा दिली की रद्द करण्यासाठीचे बरेच फोन कमी होतात.

वेटिंग लिस्टमध्ये गट आला की रांग तुंबते. एक जागा मोकळी झाली, रांगेत पहिला तिघांचा गट, मागे दोन एकटे. काटेकोर क्रमाने चालणारी प्रणाली त्या गटापाशी अडून बसते आणि जागा रिकामी जाते. जितकी जागा मोकळी, तितक्यात बसणाऱ्या पहिल्या नावाला संधी मिळेल असं सेटिंग हवं. शिवाय यादीत नाव घालतानाच ‘गट वेगवेगळ्या बॅचमध्ये विभागला तर चालेल का’ हे विचारून घ्यावं. जागा आपोआप देऊन टाकणारी सोय बंद ठेवा, कारण झोपेत असताना बुकिंग झालेला माणूस बॅचला येत नाही. त्याला विचारणा जावी आणि उत्तराला मुदत असावी: बॅच दिवसाहून लांब असेल तर दोन तास, त्याच दिवशी असेल तर अर्धा तास, रात्री मोजणी थांबलेली. शेवटच्या तीन तासांत मात्र सगळ्यांना एकदम कळवावं, जो आधी होकार देईल त्याची जागा.

लोक दांडी मारतात म्हणून एक-दोन जागा जास्त विकायचा मोह होतो. आधी हिशोब करा. १२ जागा आहेत, प्रत्येक जण न येण्याची शक्यता १० टक्के आहे आणि १३ जागा विकल्या, तर तेराही जण येण्याची शक्यता सुमारे २५ टक्के, म्हणजे चारातल्या एका बॅचला कोणीतरी उभं राहणार. १४ विकल्या तर जागा कमी पडण्याची शक्यता थेट ५८ टक्क्यांवर जाते. हा हिशोबही सगळे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून केलेला आहे. गट तसा नसतो, तो आला तर सगळा येतो. त्या तेरांत पाच जणांचा एक गट असेल आणि तो एका माणसासारखा वागला, तर २५ टक्क्यांचे ३९ टक्के होतात. जिथे प्रत्येकाला चटई, चाक किंवा दोर लागतो, तिथे जास्त जागा विकूच नयेत असं स्पष्ट मत आहे. आदल्या दिवशी होकार मागणारा संदेश आणि सोपी रद्द करण्याची लिंक यांनी तेच काम कमी त्रासात होतं.

किमान संख्येचा नियम असेल तर त्यातही पैसे भरलेली डोकीच मोजली जावीत. निर्णय २४ तास आधी. एका गटाने माघार घेतली की बॅच किमानच्या खाली जाते, म्हणून गटाची रद्द करण्याची मुदत या निर्णयाच्या आधी संपलेली हवी.

बाहेरचं कॅलेंडर नुसत्या लिंकने जोडलं असेल तर ते ताजं व्हायला कित्येक तास लागू शकतात. ते बघण्यापुरतं ठीक, दुहेरी बुकिंग टाळायला नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनी थेट जोडणी लागते.

राहिले अहवाल. भरलेल्या जागा आणि प्रत्यक्ष हजेरी हे दोन आकडे वेगळे मिळायला हवेत, आणि वेटिंगमधून जागा न मिळालेल्यांची संख्याही, कारण नवी बॅच कधी काढायची ते त्यावरूनच ठरतं. वर्षभराचे पैसे भरण्याआधी सगळा डेटा एकदा फाइलमध्ये उतरवून बघा. सहा जणांच्या गटाच्या तिथे सहा ओळी आल्या पाहिजेत, प्रत्येकीत नाव, बॅच आणि हजेरी. एकच ओळ आणि शेवटच्या रकान्यात ‘६’ असेल, तर उद्या दुसरीकडे जाताना ती पाच माणसं मागेच राहतील.