लिफ्ट असिस्ट म्हणून किचनच्या शटरचे पंप गळ्यात मारले, मुंबईतल्या मशीनवाल्यांनो सावध राहा

आधीच सांगतो, पैसे गेले ते माझ्या मूर्खपणामुळेच गेले, पण ज्या पद्धतीने गेले ती बघून वाटलं की आणखी कोणीतरी नक्की अडकणार म्हणून लिहितोय. थोडं लांबेल.

माझ्याकडे शॉपस्मिथ मार्क ५ आहे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, लाकूडकामाचं अमेरिकन मशीन, एकाच मोटरवर पाच कामं, टेबल सॉ, लेथ, डिस्क सँडर, आडवं बोरिंग आणि ड्रिल प्रेस. हान्स गोल्डश्मिट नावाच्या माणसाचं डिझाइन, मार्क ५ बाजारात आलं १९५० च्या दशकात आणि ढाचा आजही साधारण तोच आहे. मामेभाऊ न्यू जर्सीहून कायमचा परत आला तेव्हा घरसामानात हे पण घेऊन आला, वहिनीने फ्लॅटमध्ये ठेवू दिलं नाही, मग आलं माझ्या भांडुपच्या तळमजल्याच्या खोलीत. ते १२० व्होल्ट ६० हर्ट्झचं, आपली लाइन २३० व्होल्ट ५० हर्ट्झची, लोहार चाळीतून स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणला पण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे मोटर सहाला पाच या हिशोबाने हळू फिरते. सवय झालीय.

त्रास एकच. ड्रिल प्रेस करायचं म्हणजे आडव्या मशीनला उभं करायचं. लांब पाइप, त्यावर टेबल, त्यावर हेडस्टॉक, म्हणजे ब्लेड-ड्रिल फिरवणारा जड डबा, आणि मोटर त्या हेडस्टॉकच्याच पोटात, हे सगळं डाव्या टोकाला धरून उचलायचं आणि उजव्या टोकाच्या बिजागरीवर फिरवून उभं करायचं. तिशीत ठीक आहे हो, मी बावन्नचा आहे आणि कमरेला पट्टा लावून लोकलमध्ये चढतो. बॅगा मोजायचा हुकाचा काटा टोकाला अडकवून बघितलं तर तीस किलोच्या आसपास जोर लागतो, दिवसातून चार वेळा. म्हणून लिफ्ट असिस्ट शोधत होतो, म्हणजे उचलताना खालून जोर देणारा जोड.

शोधत असल्याचं कुठेतरी टाकलं आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर एकाचा मेसेज. मराठी छान, "दादा" म्हणून बोलायचा, नागदेवी स्ट्रीटला गोडाऊन आहे म्हणाला, इम्पोर्टेड किट, दोनच पीस उरलेत. सोबत व्हिडिओ, त्यात एक माणूस चक्क दोन बोटांनी अख्खं मशीन उभं करतोय. तो व्हिडिओ मी पंधरा वेळा तरी बघितला असेल, मुलीला दाखवला, ती म्हणाली बाबा हे फेक वाटतंय, मी म्हटलं तुला यातलं काय कळतं. असो.

भाव १४,००० सांगितला, घासाघीस करून ९,८०० ला आला. दुकानात येतो म्हटलं तर आज मार्केट बंद, उद्या गावाला चाललोय, तुम्ही पेमेंट करा दादा मी पीस बाजूला ठेवतो. केलं. चार दिवसांनी म्हणे माल कस्टम्समध्ये अडकलाय, २,२०० भरावे लागतील. अहो नागदेवीला गोडाऊनमध्ये ठेवलेला माल कस्टम्समध्ये कसा अडकेल? हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता, देवाशप्पथ पडला होता, पण ९,८०० अडकलेत या भीतीने तेही पाठवले. एकदा पैसे दिले की माणूस स्वतःच स्वतःला पटवायला लागतो.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. आत दोन गॅस पंप, काळे, हातभर पण नाहीत, वर लाल अक्षरात "१५० किलो" असा स्टिकर, आणि लाल रंग मारलेल्या लोखंडी पट्ट्या वाकवून केलेले ब्रॅकेट. रंग अजून बोटाला लागत होता. मी रविवारी बसवलं, खालचा ब्रॅकेट पायाला, वरचा पाइपला, बिजागरीपासून साधारण वीतभर अंतरावर. चहाचा पेला खाली जमिनीवर ठेवलेला. उचलायला लागलो, फरक काही जाणवेना, मला वाटलं वर जाईल तसा जोर येईल, म्हणून एक हात सोडून पंपाकडे बघायला वाकलो आणि त्याच क्षणी पंपाच्या टोकाची प्लास्टिकची वाटी ब्रॅकेटच्या बॉलवरून निसटली. मशीन गुडघ्याच्या उंचीवरून खाली. अंगठा चार बोटांनी वाचला. स्टीलचा पेला असा चपटा झाला की आता त्याला उलथनं म्हणून वापरता येईल.

मग नखाने तो स्टिकर खरवडला. खाली कंपनीचा छापील आकडा, १०० एन. एन म्हणजे न्यूटन, आणि दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो, म्हणजे एक पंप दहा किलोचा. किचनच्या वरच्या कपाटाचं शटर उचलायला लावतात ते हे पंप, शेजारच्या मिस्त्रींनी लांबूनच ओळखले. हिशोब करून बघा, बिजागरीपासून वीस सेंटीमीटरवर दोन पंपांचे मिळून वीस किलो, आणि मी उचलतो ते टोक एकशेवीस सेंटीमीटरवर, म्हणजे माझ्या हाताला मदत मिळते तीन-सव्वातीन किलोची. तीसचे सत्तावीस झाले, त्यासाठी १२,००० रुपये. खरोखर निम्मं वजन पेलायचं असेल तर त्या जागी नऊशे न्यूटन लागतात. हे गणित शाळेतलं आहे आणि मी ते पैसे गेल्यावर केलं.

फोन केला तर माणूस एकदम नम्र. सॉरी दादा, चुकीचा पीस गेला, रिफंड करतो. आता इथे नीट लक्ष द्या कारण खरी कापाकापी इथे आहे. त्याने क्यूआर पाठवला, म्हणाला स्कॅन करा, ९,८०० दिसतील, पिन टाकला की तुमच्या खात्यात जमा. मी स्कॅन केला, ९,८०० दिसले, पिन टाकला, आणि गेले. आले नाहीत, गेले. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मला माहीत होतं हो, बँकेचे मेसेज येतात, मीच सोसायटीच्या काकांना समजावलंय. पण रिफंड हा शब्द ऐकला की डोकं बंद पडतं.

मुलीने आधी मला दोन शब्द सुनावले आणि लगेच १९३० ला फोन लावला, सायबर फ्रॉडचा नंबर. पैसे जाऊन चाळीस मिनिटं झाली होती. ट्रान्झॅक्शन नंबर, बँक, वेळ विचारली, तक्रार क्रमांक दिला, मग पोर्टलवर सगळे स्क्रीनशॉट टाकले. या क्यूआरवाल्या ९,८०० मधले ६,१०० समोरच्या खात्यात होल्ड झालेत, हातात अजून आले नाहीत. आधीच्या १२,००० ला तीन आठवडे उलटून गेले होते, ते खातं रिकामं. इथे उशीर म्हणजे दिवसांत नाही, मिनिटांत मोजायचा. ज्यांना नुसता खराब माल आलाय पण विक्रेता खरा आहे, त्यांनी १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला करा.

बिल पण दिलं होतं बरं का त्याने, जीएसटी नंबरसकट. नंतर बघितलं तर नंबर ०७ ने सुरू, ०७ म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. वर नाव प्रायव्हेट लिमिटेड आणि नंबरमधलं सहावं अक्षर पी, म्हणजे एका व्यक्तीचं पॅन, कंपनी असती तर तिथे सी असतं. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला तर कपड्याचा व्यापार करणारं भलतंच कोणीतरी निघालं, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. दोन मिनिटांचं काम, पैसे देण्याआधी करायचं होतं.

बिलावरचा पत्ता शोधत नागदेवीला गेलोच एक शनिवारी, हातगाड्यांमधून वाट काढत. त्या नंबरला जिना आहे, जिन्याखाली चहावाला. पण तिथूनच थोडं पुढे गॅस स्प्रिंग, म्हणजे हेच गॅस पंप, विकणारं एक खरं दुकान सापडलं, आणि त्या शेठनी भाव सांगायच्या आधी मला तीन प्रश्न विचारले, वजन किती, बिजागरीपासून अंतर किती, स्ट्रोक म्हणजे दांडा किती बाहेर यायला पाहिजे. मला दादा-दादा करणाऱ्या त्या माणसाने तीन आठवड्यांत यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. मी ९,८०० चं लिफ्ट असिस्ट घेतलं आणि विकणाऱ्याला माझ्या मशीनचं वजन माहीत नाही, मला तेव्हा जरा तरी खटकायला हवं होतं. शेठनी हेही सांगितलं की पंपाचा दांडा शक्यतो खालच्या बाजूला ठेवायचा म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं, दाबलेल्या अवस्थेत जोर जास्त आणि उघडत जाईल तसा कमी होतो, आणि आत दाबाने भरलेला नायट्रोजन असतो त्यामुळे पंपाला भोक पाडायचं नाही की वेल्डिंगची ज्योत जवळ न्यायची नाही. माझं मशीन न बघता पीस विकायला ते तयार झाले नाहीत, फोटो आणि मापं घेऊन या म्हणाले. अजून गेलो नाही, कंबर आणि खिसा दोन्ही दुखतायत.

सध्या उचलण्याआधी हेडस्टॉक बिजागरीकडे सरकवून लॉक घट्ट करतो, काट्यावर तीसचे तेवीस होतात, फुकटात. उभं झाल्यावर हेडस्टॉक वर सरकवायला मेहनत आहे पण ती निदान वाकून नाही. लॉक ढिला राहिला तर हेडस्टॉक घसरत खाली येतो एवढं मात्र दोनदा बघा. ते दोन पंप बायकोने किचनच्या कपाटाला लावून घेतले, तिथे मस्त चालतात.

परवा ओळखीच्या एका लेथवाल्याला हाच व्हिडिओ आला, नाव वेगळं, नंबर वेगळा, गोडाऊन या वेळी कुर्ल्याला. व्हिडिओत मशीनच्या मागे डाव्या कोपऱ्यात पिवळी बादली आहे आणि तिच्यावर ओला पोछा टाकलाय, माझ्या व्हिडिओतही तीच बादली तोच पोछा होता.