वारा, फिरकी आणि पेंटबॉल: साधं बॅरल, बॅकस्पिन बॅरल की पंखांच्या गोळ्या?

मार्कर, म्हणजे पेंटबॉलची बंदूक, घेऊन झाला, मास्कही चांगला मिळाला, आता अडलंय ते बॅरलपाशी, म्हणजे मार्करच्या नळीपाशी. लांबवर नेम लागत नाही, वारा सुटला की बॉल भलतीकडेच जातो, अशी तक्रार घेऊन खरेदीला निघालेल्या खेळाडूपुढे साधारण तीन पर्याय येतात. पहिला, बॉलच्या मापाला नीट बसणारं साधं सरळ बॅरल. दुसरा, बॉलला उलटी फिरकी देणारं बॅरल, म्हणजे टिपमन कंपनीचं फ्लॅटलाइन किंवा एपेक्स. तिसरा, फर्स्ट स्ट्राइकसारख्या मागे पंख असलेल्या गोळ्या. तिघांबद्दलही "लांब जातं, अचूक जातं" असंच ऐकायला मिळतं. प्रत्यक्षात तिघं तीन वेगळ्या अडचणी सोडवतात, आणि आडव्या वाऱ्यावर थोडाफार इलाज आहे तो फक्त तिसऱ्याकडे. पैसे मोजण्याआधी हे कळलेलं बरं, म्हणून जरा खोलात जातो.

वारा नेमकं काय करतो

.६८ कॅलिबरचा बॉल म्हणजे १७.३ मिलिमीटर व्यास आणि सुमारे ३ ग्रॅम वजन. मैदानांवरची वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी सेकंदाला २८० ते ३०० फूट, म्हणजे ८५ ते ९१ मीटर असते. एवढ्या हलक्या, गोल वस्तूला या वेगात हवा जबरदस्त अडवते: सेकंदाला ९० मीटर वेगाने सुटलेल्या बॉलवर हवेचा रोध त्याच्या वजनाच्या जवळजवळ १८ पट असतो. त्यामुळे दर ३० मीटरला त्याचा वेग साधारण निम्मा होतो.

आडव्या वाऱ्याचा हिशेब याच रोधातून निघतो, आणि तो करायला अगदी सोपा आहे. हवा नसती तर बॉल ३० मीटरवर ०.३३ सेकंदात पोचला असता. हवेत त्याला ०.४७ सेकंद लागतात. हा जो ०.१४ सेकंदाचा उशीर, त्याला वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. वारा सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर असेल, तर बॉल ७० सेंटिमीटर बाजूला सरकणार. या वाऱ्यात झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतात, हलका झेंडा उलगडतो. कोणी त्याला "जोराचा वारा" म्हणणार नाही.

त्याच वाऱ्यात वेगवेगळ्या अंतरांवर काय होतं ते खाली दिलं आहे. बॉल गुळगुळीत आहे, फिरत नाही आणि रोधाचा गुणांक ०.४७ आहे असं धरून हे आकडे काढले आहेत.

| अंतर | पोचायचा वेळ | तिथला वेग (मी./से.) | आडवं सरकणं |
|---|---|---|---|
| १० मी. | ०.१२ से. | ७२ | ७ सेंमी |
| २० मी. | ०.२८ से. | ५८ | २९ सेंमी |
| ३० मी. | ०.४७ से. | ४६ | ७० सेंमी |
| ४० मी. | ०.७२ से. | ३७ | १.४ मी. |
| ५० मी. | १.०२ से. | ३० | २.३ मी. |

शेवटचा रकाना सावकाश वाचा. अंतर दुप्पट झालं की सरकणं चौपटीहून जास्त होतं. दहा मीटरवर वाऱ्याकडे दुर्लक्ष करता येतं, वीस मीटरवर छातीवर धरलेला नेम खांद्याच्या कडेला जातो, आणि चाळीस मीटरवर बॉल समोरच्याच्या आसपासही नसतो. वारा दुप्पट झाला तर हे सगळे आकडेही दुप्पट.

समोरून किंवा पाठीमागून येणारा वारा त्या मानाने गरीब. तेवढाच वारा समोरून आला तर ३० मीटरवर बॉल नेहमीपेक्षा दहा-बारा सेंटिमीटर जास्त खाली येतो, बस्स. आणखी एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही: वारा बॉलला जास्त ढकलतो तो सुरुवातीच्या टप्प्यात. तिथे रोध सर्वात जास्त असतो, आणि एकदा मिळालेला बाजूचा वेग पुढे सगळ्या वाटभर सोबत राहतो. म्हणून दूरवरच्या झाडाचा शेंडा पाहून अंदाज बांधण्यापेक्षा तुमच्या बंकरच्या (लपायच्या आडोशाच्या) अगदी पुढ्यातलं गवत कुठे झुकतंय ते पाहा.

साधं बॅरल आणि नको असलेली फिरकी

साधं बॅरल बॉलला मुद्दाम फिरकी देत नाही, तरी बॉल फिरतोच. नळीत तो सैल असेल तर एका बाजूला घासत जातो, त्यातून कुठल्या तरी दिशेची फिरकी मिळते. त्यात जिलेटिनच्या कवचाला शिवण असते, दमट हवेत कवच फुगतं, बरेच दिवस एकाच कुशीवर पडून राहिलं तर तिथे चपटं होतं. फिरणाऱ्या गोळ्याच्या दोन्ही बाजूंनी हवा सारखी सुटत नाही, त्यामुळे त्याला बाजूचा जोर मिळतो. हा मॅग्नस परिणाम. क्रिकेटमध्ये टॉपस्पिन दिलेला चेंडू फलंदाजाच्या अंदाजाआधी खाली येतो तो याच कारणाने.

पेंटबॉलच्या बाबतीत हा जोर किती लागतो? हवेच्या रोधाचा फक्त अठरावा हिस्सा बाजूला वळला, तर तो बॉलच्या वजनाएवढा होतो. सुटताना एवढाच बाजूचा जोर मिळालेला बॉल ३० मीटरवर सुमारे ७० सेंटिमीटर भरकटतो. म्हणजे वर हिशेब केलेल्या वाऱ्याइतकाच! फरक असा की वारा सगळ्या बॉलना एकाच बाजूला नेतो आणि तुम्ही नेम सरकवून त्याची भरपाई करू शकता. चुकून मिळालेली फिरकी एक बॉल डावीकडे नेते, दुसरा उजवीकडे, तिसरा खाली. तिच्यावर भरपाई नाही. माझ्या मते "वाऱ्यामुळे नेम चुकतो" म्हणणाऱ्या बहुतेकांचा खरा त्रास हाच असतो.

आणि तो कमी करणं हेच साध्या बॅरलचं काम. तपासायची रीत जुनी आणि खात्रीची आहे. बॅरल मार्करवरून काढा, मागच्या तोंडाने बॉल आत ठेवा. तो आपोआप घरंगळून बाहेर आला तर नळी मोठी आहे. तो जागीच थांबला आणि हलकी फुंकर मारल्यावर सुटला तर माप बरोबर. जोरात फुंकूनही हलला नाही तर नळी लहान. बॉलही बघून घ्या: चिमटीत धरून फिरवला की चपटी बाजू किंवा खळगा बोटांना लगेच लागतो. असे बॉल बाजूला काढा. वेगवेगळ्या मापांचे इन्सर्ट, म्हणजे आत बसणाऱ्या बदलत्या नळ्या, असलेलं बॅरल घेतलं तर हवामानानुसार फुगणाऱ्या बॉलशी जुळवून घेता येतं, आणि माझ्या लेखी सगळ्यात उपयोगी खर्च हा.

लांबलचक बॅरलच्या मागे मात्र लागू नका. तोंडातून बाहेर पडताना वेग तोच असेल तर बॉलला आपण किती लांब नळीतून आलो हे ठाऊक नसतं. वारा आणि गुरुत्वाकर्षण दोघंही त्याला सारखंच वागवतात. नळीत आटे पाडून बॉल बंदुकीच्या गोळीसारखा फिरवण्याची कल्पनाही अशीच. आत द्रव असतो, तो कवचाबरोबर लगेच फिरत नाही आणि कवचाची फिरकी खातो. शिवाय गोलाला पुढचं टोक नसतंच, मग फिरवून सरळ ठेवायचं काय?

बॅकस्पिन बॅरल: खरोखर काम करतं, पण कुठे?

फ्लॅटलाइन बॅरल वाकडं दिसतं कारण ते मुद्दामच वाकडं केलेलं आहे. पुढे जाताना ते खाली झुकतं, त्यामुळे बॉल वरच्या भिंतीला दाबला जातो, तिथे घासतो, आणि त्याचा वरचा भाग मागे, खालचा पुढे अशी उलटी फिरकी त्याला मिळते. एपेक्समध्ये हेच काम तोंडाजवळचा उतार करतो; तो कमी-जास्त करता येतो, आणि टोक फिरवलं की बॉल डावी-उजवीकडेही वळवता येतो. मुळात ही युक्ती पेंटबॉलहून कितीतरी जुनी आहे. अठराव्या शतकात बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने मस्केट या जुन्या बंदुकीची नळी डावीकडे वाकवून गोळी उजवीकडे वळते हे दाखवलं होतं. ज्याच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो त्या मॅग्नसचे प्रयोग त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १८५० च्या दशकात झाले.

उलट्या फिरकीने बॉलला वरच्या दिशेने जोर मिळतो. साधा बॉल ३० मीटरवर सुमारे ९० सेंटिमीटर खाली येतो. सुटताना वजनाएवढा उचलणारा जोर मिळाला आणि फिरकी वाटेत टिकली, तर तोच बॉल जेमतेम २० सेंटिमीटर खाली येईल. मार्ग सपाट होतो, आणि झाडांच्या फांद्यांखालून मारताना हे सोनं आहे. तिथे साध्या बॅरलने वर उचलून मारलेला बॉल पानांतच अडकतो. शिवाय सगळ्या बॉलना एकाच दिशेची फिरकी मिळत असल्याने भरकटणंही काहीसं शिस्तीत येतं.

आता वारा. आडव्या वाऱ्यातलं सरकणं ठरतं उशिरावर, आणि उशीर ठरतो रोधावर. उलटी फिरकी रोध कमी करत नाही. त्यामुळे ३० मीटरवर साधा बॉल ७० सेंटिमीटर सरकत असेल तर बॅकस्पिनचाही तेवढाच सरकणार. "फिरणारा बॉल वारा कापत जातो" हे वाक्य ज्याने कोणी पसरवलं त्याने बऱ्याच खेळाडूंचा खर्च वाढवला. उलट अडचण वाढते, कारण हे बॅरल घेतलं की हात आपोआप ५० मीटरच्या नेमाकडे जातो, आणि तिथे तोच वारा २.३ मीटर नेतो. तिथे बॉल पोचतो तोही सेकंदाला ३० मीटर वेगाने. अशा वेगात तो सैल कपड्यावर आदळून न फुटता खाली पडण्याची शक्यता बरीच.

समोरचा-पाठचा वारा साध्या बॉलला फारसं करत नाही, पण बॅकस्पिनला करतो. समोरून वारा आला की बॉलवरून जाणारी हवा वेगवान होते, उचल वाढते आणि बॉल शेवटी तरंगल्यासारखा वर जातो. पाठून आला की उचल घटते आणि बॉल लवकर बसतो. वाटेच्या शेवटी बॉलचा स्वतःचा वेग चाळीसच्या घरात आलेला असतो, तेव्हा ५ मीटरचा वारा म्हणजे आठवा हिस्सा, तो जाणवतोच.

मार्कर तिरका धरण्याची सवय असेल तर आणखी सावध व्हा. बंकरच्या कडेने डोकावताना मार्कर २० अंश कलला, तर उचलणाऱ्या जोराचा तिसरा हिस्सा आडवा होतो आणि ३० मीटरवर बॉल २५ सेंटिमीटरच्या आसपास बाजूला वळतो. सराव असेल तर याचा फायदाही घेता येतो, आडोशामागे वळवून मारता येतं. शिवाय ठिसूळ किंवा फुगलेले बॉल वाकड्या नळीत जास्त फुटतात, आणि एकदा आत रंग लागला की घर्षण जातं, फिरकी बिघडते. फ्लॅटलाइन ठरावीक मॉडेलांवरच बसतं, हेही आधी बघा.

पंखांच्या गोळ्या

फर्स्ट स्ट्राइकचा पुढचा भाग रंग भरलेला घुमट, मागे पंख असलेलं शेपूट. तिरप्या पंखांमुळे ती जाण्याच्या दिशेभोवती फिरते, त्यामुळे मॅग्नसचा जोर तिला बाजूला खेचत नाही. आकारामुळे रोध कमी, म्हणून उशीर कमी, म्हणून वाऱ्याने सरकणंही कमी. वाऱ्याशी थेट संबंध असलेला फायदा तिघांत हिच्याकडेच आहे. पण फायदा आहे, पूर्ण संरक्षण नव्हे. जोराच्या वाऱ्यात लांबवर हिलाही नेम सरकवून मारावं लागतं.

किंमत मात्र साध्या बॉलच्या कित्येक पट, हॉपरमधून (मार्करवरच्या बॉलच्या डब्यातून) ती चालत नाही, मॅगझिनवर चालणारा मार्कर हवा किंवा एकेक हाताने भरायची. वेग टिकवून ठेवत असल्याने ती लांबवर साध्या बॉलपेक्षा जोरात लागते, म्हणून घेण्याआधी तुमच्या मैदानाचा नियम विचारा. काही मैदानं परवानगीच देत नाहीत.

मग घ्यायचं काय

उघड्या मैदानावर, पंधरा-वीस मीटरच्या आत, भराभर मारणाऱ्याने साधं बॅरल आणि नीट मापाचे ताजे बॉल घ्यावेत. सलग चार-पाच बॉल मारले की वारा कुठे नेतोय ते दिसतं आणि पुढचे चार-पाच बसतात; वाऱ्यावरचा हा सर्वात स्वस्त उपाय आहे. दाट झाडीत, वारा अडलेल्या जागी, लांबून दाब ठेवणाऱ्याला बॅकस्पिन शोभतं. दिवसभरात मोजके पण मोलाचे नेम साधायचे असतील, मार्कर मॅगझिनचा असेल आणि मैदान हो म्हणत असेल, तर पंखांच्या गोळ्या. उघड्या, वाऱ्याच्या मैदानासाठी बॅकस्पिन बॅरल घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन.

.५० कॅलिबरचा विचार असेल तर वाऱ्यापुरतं उत्तर नाही असंच आहे. सव्वा ग्रॅमचा तो बॉल त्याच वाऱ्यात ३० मीटरवर एक मीटरच्या आसपास सरकतो.

जमलं तर कोणाचं तरी बॅरल मागून घ्या आणि वारा असलेल्या दिवशीच पारखा. दोन्ही बॅरल क्रोनोग्राफवर (बॉलचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) एकाच वेगाला आणा, बॉल एकाच खोक्यातले वापरा, ३० मीटरवर मोठा कागद लावा. दोन्हींचे दहा-दहा बॉल मारून प्रत्येक घोळक्याचा मध्य नेमापासून आडवा किती सरकला आणि घोळका किती पसरला, हे वेगवेगळं मोजा. मध्य आडवा सरकला तो वाऱ्याने, तो दोन्ही बॅरलांचा जवळजवळ सारखाच निघेल. खरेदीचा निर्णय पसरटपणा पाहून करा.