नवी पेठेतील व्हिसा-सेवा : काम चोख, फोनची बोंब

युरोपच्या सहलीसाठी शेंगेन व्हिसाची कागदपत्रे आम्ही नवी पेठेतील एका छोट्या कार्यालयाकडून तयार करून घेतली. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने वैध आहे का, प्रवासातील वैद्यकीय विमा निदान 30,000 युरोंचा आहे का, हे तेथील बाईंनी ओळ न् ओळ वाचून तपासले आणि 35 बाय 45 मिलिमीटरचा फोटो पट्टीने मोजल्यावरच अर्जाला लावला. सामानाबाबतचा सल्लाही कामाचा ठरला : शेंगाचटणी, कडक भाकरी खुशाल न्यावी, पेढे मात्र नकोत, कारण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे. (आईची समजूत घालणे अर्थातच आमच्याकडे आले.) फोन मात्र तेथे क्वचितच उचलला जातो आणि सेवाशुल्काची पावती मागितल्याशिवाय मिळत नाही.