राजारामपुरीतलं करिअर पॅकेज : मॉक इंटरव्ह्यू एक नंबर, बाकीचं स्वतः करा

स्टार द्यायचे तर पाचातले अडीच, आणि त्यातले दोन एकट्या इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडमचे. करिअरचं मार्गदर्शन करणाऱ्या या ऑफिसचं नाव लिहीत नाहीये, कारण कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांत असली ऑफिसं बरीच आहेत, बोर्ड वेगळे पण पॅकेज जवळपास तेच, त्यामुळं तुम्ही कुठल्याही ऑफिसात गेलात तरी हे वाचून जा.

पॅकेज माझ्या भाच्यासाठी घेतलं. डिप्लोमा मेकॅनिकल, पास होऊन वर्ष होत आलेलं, घरात ताईचा रोज तोच विषय आणि हा दिवसभर मोबाईलवर अप्लाय अप्लाय करत बसलेला. फी आठ हजार. त्यात करिअर टेस्ट, काउन्सेलिंग, रिझ्युम, लिंक्डइन प्रोफाईल, मॉक म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू आणि वर प्लेसमेंटला, म्हणजे नोकरी मिळवायला मदत. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या टाइम ऑफिसला आहे, भरतीचे अर्ज आधी माझ्याच टेबलावर येतात, म्हणून ताई म्हणाली तूच जा त्याच्याबरोबर, तुला त्यातलं कळतंय. तर हा रिव्ह्यू टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं आहे असं समजा.

पहिली टेस्ट. कॉम्प्युटरवर बसवून भरपूर प्रश्न, तुम्हाला माणसांत काम करायला आवडतं का, वस्तू उघडून दुरुस्त करायला आवडतं का, असले. शेवटी रंगीत ग्राफवाला जाडजूड रिपोर्ट, स्पायरल बाइंडिंग करून. आत बघितलं तर हॉलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये मांडलेले जे सहा प्रकार आहेत, हातानं काम करणारा, शोधक, कलाकार, मदत करणारा, धंदेवाईक आणि कागदपत्रं नीट ठेवणारा, त्यावरच सगळं बेतलेलं. ते चुकीचं आहे असं नाही, जगभर वापरतात. पण अमेरिकेच्या कामगार खात्याच्या ओनेट साईटवर असलीच ६० प्रश्नांची टेस्ट फुकट आहे, इंग्रजीत आहे एवढंच. आणि ही टेस्ट आवड सांगते, अंगात किती आहे ते सांगत नाही, हे काउन्सेलिंगला बसलेल्या सरांनी एकदाही सांगितलं नाही. उलट रिपोर्ट बघून म्हणाले याच्यात लीडरशिप आहे, याला एमबीए करू दे. अहो सर, पोराला पहिली नोकरी लागू दे की आधी.

आता रिझ्युम, यावर जरा जास्त बोलते कारण माझा रोजचा संबंध आहे. त्यांनी बनवून दिलेला रिझ्युम दिसायला लई भारी. डावीकडं निळा पट्टा, त्यात फोटो, खाली स्किलच्या पुढं पाच ठिपके आणि त्यातले चार भरलेले. ऑटोकॅड, म्हणजे ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, चार ठिपके म्हणजे मी काय समजायचं? शिवाय मोठ्या कंपन्या आणि जॉब पोर्टल रिझ्युम आधी सॉफ्टवेअरमधून वाचून घेतात, आणि असले दोन कॉलम, टेबल, आयकॉन असले की त्यातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरला कुठली ओळ कुठल्या ओळीला जोडायची ते कळत नाही, फोन नंबर एकीकडं आणि कॉलेज भलतीकडं जातं. साधी एक कॉलमची वर्ड फाईल, तिचं पीडीएफ, संपला विषय. वर ऑब्जेक्टिव्ह म्हणून चार ओळी होत्या, आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा वगैरे वगैरे. त्या चार ओळी मी इतक्या रिझ्युमवर वाचल्यात की आता नजर आपोआप खाली घसरते.

आम्ही काय बघतो ते सांगते. पोरगा कुठल्या गावचा, म्हणजे शिफ्टला येऊ शकतो का. कुठल्या मशीनवर हात बसलाय, व्हीएमसी (मिलिंगचं) का सीएनसी टर्निंग (लेथचं), त्याचा कंट्रोल कुठल्या कंपनीचा, फॅनुक का सिमेन्स. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज ही मापाची साधनं हातात धरलीत का. ड्रॉइंग वाचता येतं का. कॉलेजचा प्रोजेक्ट असला तर त्यात याचं स्वतःचं काम काय होतं. भाच्यानं सुट्टीत उद्यमनगरात ओळखीच्या एका वर्कशॉपला दोन महिने काम केलेलं, मशीनवर जॉब (घडवायचा तुकडा) लावायचा, माप घ्यायचा, आणि ही गोष्ट त्या निळ्या पट्ट्याच्या रिझ्युमवर कुठंच नव्हती! का, तर म्हणे ते ऑफिशियल इंटर्नशिप नव्हती, सर्टिफिकेट नाही. आमच्यासाठी अख्ख्या कागदावरची तीच एक कामाची ओळ होती. घरी येऊन आम्ही दोघांनी मिळून तो परत लिहिला, एका पानात बसवला, उद्यमनगरचं काम सगळ्यात वर.

लिंक्डइनचं प्रोफाईल त्यांनी करून दिलं, ठीक आहे, फोटो बरा काढला. पण खरं सांगू का, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल हातकणंगले फाइव्ह स्टार या एमआयडीसींतल्या मधल्या साइजच्या कारखान्यांत शॉप फ्लोअरच्या नोकऱ्या लिंक्डइनवर फारशा येतच नाहीत. आयटी, मार्केटिंग, पुण्यामुंबईच्या मोठ्या कंपन्या यांच्यासाठी ते चांगलंय. आमच्याकडं जागा निघाली की पहिलं सुपरवायझरला विचारतात कोण आहे का तुझ्या बघण्यात, मग आयटीआय नाहीतर पॉलिटेक्निकच्या सरांना फोन, मग गेटवर बोर्ड, आणि अगदीच कोण मिळालं नाही तर नोकरी डॉट कॉम. तिथं शोधताना आम्ही अलीकडं अॅक्टिव्ह असलेल्यांचा फिल्टर लावतो, त्यामुळं प्रोफाईल एकदा करून सोडून दिलं तर नाव खाली खाली जातं. आठवड्याला उघडून एखादी ओळ खरोखर सुधारत जा. हे त्या पॅकेजमध्ये कोणी सांगत नाही, बघा.

प्लेसमेंटच्या मदतीत काय मिळालं? व्हॉट्सअॅप ग्रुप. रोज सकाळी पंधरावीस जाहिराती, बीपीओपासून इन्शुरन्स एजंटपर्यंत, आणि मेकॅनिकलच्या ज्या होत्या त्या बहुतेक पुण्याकडच्या चाकण रांजणगावच्या, कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर, म्हणजे नोकरी कंपनीची नाही, कॉन्ट्रॅक्टरची. चाकणला जाऊ नये असं माझं म्हणणं नाही, आमच्याकडची कितीतरी पोरं तिथं शिकून आली आणि आता इथं चांगल्या पगारावर आहेत. पण रोल कोणाचा आहे, किती महिन्यांचा करार, राहायचं भाडं वजा जाता हातात काय उरतं, हे विचारल्यावर ग्रुपचा अॅडमिन म्हणाला कंपनीशी डायरेक्ट बोला. मग आठ हजार कशाचे घेतले राव! एका जाहिरातीत तर जॉइनिंगच्या आधी गणवेश आणि मेडिकलचे पैसे ऑनलाइन भरायचे होते. ऑफर लेटर हातात यायच्या आधीच अशी फी मागणारा दिसला की तिथंच थांबायचं, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावायचा, हा सायबर फ्रॉडचा सरकारी नंबर आहे, जेवढ्या लवकर कराल तेवढी पैसे अडवता यायची शक्यता जास्त.

आणि आता ज्यासाठी दोन स्टार दिले ते. मॉक इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडम आधी कुठल्यातरी कंपनीत एचआरला होत्या असं वाटलं, विचारलं नाही. भाचा पाठ करून गेलेला, माय सेल्फ अमुक अमुक, आय अॅम फ्रॉम कोल्हापूर. मॅडमनी हात वर करून थांबवला, म्हणाल्या इंग्रजी राहू दे, तुझा फायनल इयरचा प्रोजेक्ट तुझ्या आजीला समजेल असा मराठीत सांग. झालं, पोरगा गप्प. मग हळूहळू सांगायला लागला, शेतातला पालापाचोळा बारीक करायचं मशीन होतं, ब्लेडचा अँगल चुकला म्हणून जाम व्हायचं आणि मग यांनी तो बदलून बघितला. मॅडम म्हणाल्या हे सांग की तिथं, जाम का झालं आणि काय केलंस, यातच तुझा सगळा इंटरव्ह्यू आहे. नंतर तेच छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत करून घेतलं. मग विचारलं पगार किती पाहिजे, हा म्हणाला कंपनीच्या नियमानुसार. तर म्हणाल्या असं म्हणलास की समोरचा त्याला परवडेल तेवढाच आकडा सांगणार, आधी दोनतीन कारखान्यांत फ्रेशर डिप्लोमाला काय देतात ते विचारून ये आणि मग रेंज सांग. सगळं रेकॉर्ड करून मोबाईलवर दिलं, तो कसा पाय हलवतो, कसा खाली बघतो, त्यानं स्वतः बघितलं आणि स्वतःच हसायला लागला. दुसऱ्या वेळी गेला तेव्हा निम्मा सुधारलेला. असली शिकवणी मी आमच्या एमआयडीसीत घेतलेल्या एकाही ट्रेनिंगला बघितली नाही.

पगारावरून आठवलं, मॅडमनी आणि मी दोघींनी मिळून त्याला सीटीसीची, म्हणजे कंपनी तुमच्यावर करते त्या एकूण खर्चाच्या आकड्याची भानगड समजावली कारण आमच्याकडं जॉइन झालेली पोरं पहिला पगार बघून तोंड पाडून येतात. सीटीसीत कंपनीचा पीएफचा हिस्सा, बोनस, कधी ग्रॅच्युइटीसुद्धा धरलेली असते. वरून तुमचा पीएफ बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) यांच्या १२ टक्के कापला जातो, पगार २१ हजाराच्या आत असला तर ईएसआयचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्के, प्रोफेशनल टॅक्स वेगळा. तेव्हा ऑफर आली की हातात किती ते लिहून मागा. यात लाजायचं काय कारण नाही, आम्हाला रोज विचारतात.

मग नोकरीचं काय झालं म्हणाल तर ती पॅकेजमधून लागलीच नाही. मी त्याला फक्त एक वही दिली आणि म्हणलं कोल्हापुरातल्या ज्या कारखान्यांत तुला खरंच जायचंय त्यांची नावं लिही, पुढं ते काय बनवतात, कोणाला देतात, तिथं तुझ्या ओळखीचं कोण आहे, मागच्या बॅचमधलं कोण गेलंय. पहिल्या दिवशी त्याला मोजकीच नावं सुचली. दोन वर्षं पॉलिटेक्निकला जाता येता ज्यांच्या गेटसमोरून बस जायची तिथं आत पंप बनतात का व्हॉल्व्ह हे माहीत नाही! मग कॉलेजच्या सीनियर पोरांना फोन केले, नोकरी आहे का असं न विचारता तुमच्या इथं काम कसं चालतं असं विचारलं, त्यातल्या एकानं सांगितलं गोकुळ शिरगावात क्वालिटीला अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार घेणार आहेत. आता तिथं आहे, कास्टिंगची तपासणी करतोय, अजून अप्रेंटिसच आहे, पुढं कायम करतील का बघू.

अप्रेंटिसला बरीच घरं नाक मुरडतात म्हणून सांगते, १९६१ चा कायदा आहे, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, म्हणजे दारं उघडी आहेत, फक्त विचारायला जावं लागतं. डिप्लोमा डिग्रीवाल्यांनी नॅट्स या अप्रेंटिसच्या सरकारी पोर्टलवर आणि आयटीआयवाल्यांनी अप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर नाव टाकायचं. त्याशिवाय राज्य सरकारचं रोजगाराचं पोर्टल महास्वयम् आणि केंद्राचं २०१५ पासूनचं नॅशनल करिअर सर्व्हिस, दोन्हीकडं नोंदणी फुकट. महास्वयम् ची साईट कधी कधी रडवते, ओटीपी यायला वेळ लावते, पण रोजगार मेळाव्यांची माहिती तिथं येते आणि मेळाव्यात एचआरचा माणूस समोरासमोर भेटतो, ते महत्त्वाचं. २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली तेव्हाही नोंदणी तिथूनच होती, सहा महिन्यांचं ट्रेनिंग आणि महिन्याला बारावीला ६ हजार, आयटीआय डिप्लोमाला ८, पदवीला १०. अशा योजना बदलत राहतात, आत्ताची स्थिती साईटवरच बघा.

एक बाजू त्यांचीही सांगते. ज्या घरात कोणीच कंपनीत नाही, शेती नाहीतर दुकान, आणि पोरीला बीकॉम झाल्यावर पुढं काय हे विचारायलाही माणूस नाही, त्यांना ते काउन्सेलिंगचं तासभर बोलणंसुद्धा आधार वाटत असेल. आमच्या शेजारी बसलेली हुपरीची एक मुलगी आणि तिचे वडील बरंच काही लिहून घेत होते. पण सर त्यांनाही एमबीएच सांगत होते हो.

जाणार असाल तर पूर्ण पॅकेज घेऊ नका. सुटा मॉक इंटरव्ह्यू मिळतो, बोर्डवर लिहिलेला नाही, विचारल्यावर सांगतात, आम्हाला नंतर कळलं त्याचे हजार रुपये. पावती जीएसटी नंबरसकट मागा आणि रिफंडचं काय ते त्याच पावतीवर लिहून घ्या, कारण ते तोंडी हो म्हणतात. मॅडम संध्याकाळी सहानंतर असतात, सोमवारी नसतात, फोन करून जा नाहीतर रिसेप्शनवरचा पोरगा टेस्टला बसवतो. पार्किंग नाही, गाडी आतल्या गल्लीत लावा.